खताच्या गोण्या, विहिरीचे पाणी आणि दोन समीकरणे: शेतातला हिशोब कसा मांडावा?

जून महिन्यात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक प्रसंग हमखास घडतो. सोयाबीनसाठी डीएपी न्यायला आलेल्या शेतकऱ्याला सांगितले जाते, "डीएपी संपलं. १२:३२:१६ आहे, १०:२६:२६ आहे. कोणतं देऊ?" मागे रांग असते, पाऊस तोंडावर असतो, आणि मग उत्तर ठरलेले असते: "द्या एकरी एक गोणी, कोणतंही."

एकरी एक गोणी हा हिशोब नाही, ती सवय आहे. १०:२६:२६ ची एक गोणी टाकली तर सोयाबीनला लागणाऱ्या स्फुरदाच्या निम्मासुद्धा पोहोचत नाही. पण हीच दोन खते योग्य प्रमाणात घेतली, तर डीएपी नसले तरी काम व्यवस्थित होते. ते प्रमाण काढायला दहावीच्या गणित भाग १ मधले पहिले प्रकरण पुरेसे आहे: दोन चलांतील रेषीय समीकरणे. नाव जड आहे, काम सोपे आहे. अवघड जाते ते समीकरण सोडवणे नव्हे, तर बोलण्यातले वाक्य समीकरणात उतरवणे. म्हणून या लेखात भर त्यावरच दिला आहे.

आधी पाण्याचा हिशोब

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. एका शेतकऱ्याकडे रब्बीसाठी पाच एकर रान आहे. त्यात गहू आणि हरभरा घ्यायचा आहे. गव्हाला पाण्याच्या सहा पाळ्या द्याव्या लागतात, हरभऱ्याला दोन पुरतात. गेल्या वर्षी याच विहिरीवर तीन एकर गव्हाला सहा पाळ्या कशाबशा पुऱ्या झाल्या आणि विहीर बसली. यंदा पाऊसमान तसेच आहे. मग गहू किती एकर आणि हरभरा किती?

यात दोन गोष्टी माहीत नाहीत. त्यांना नावे देऊ:

गव्हाचे क्षेत्र = क्ष एकर
हरभऱ्याचे क्षेत्र = य एकर

इथे "क्ष म्हणजे गहू" असे लिहू नका. क्ष हा गहू नाही, तो गव्हाच्या एकरांचा आकडा आहे. किरकोळ वाटते, पण पुढच्या निम्म्या चुका इथेच जन्म घेतात. आज क्ष म्हणजे एकर धरले आणि दोन ओळींनंतर तेच क्ष क्विंटल समजले, की सगळे गणित वाहून जाते. चलाच्या नावापुढे त्याचे एकक कागदावर लिहाच.

आता वाक्ये शोधायची. दोन गोष्टी माहीत नसतील तर दोन स्वतंत्र वाक्ये लागतात. अशा वाक्यात बहुतेक वेळा "एकूण", "मिळून" किंवा "सगळे धरून" असा शब्द असतो, नाहीतर दडलेला असतो. पहिले वाक्य जमिनीचे: गहू आणि हरभरा मिळून पाच एकर.

क्ष + य = ५

दुसरे वाक्य पाण्याचे. विहीर किती पाणी देते हे लिटरमध्ये मोजत बसायची गरज नाही. गेल्या वर्षी तीन एकराला सहा पाळ्या झाल्या, म्हणजे विहिरीने १८ "एकर-पाळ्या" दिल्या. एक एकर एकदा भिजवणे म्हणजे एक एकर-पाळी. गव्हाच्या प्रत्येक एकराला अशा सहा लागतात, म्हणून क्ष एकराला ६क्ष. हरभऱ्याच्या य एकराला २य. दोन्ही मिळून १८.

६क्ष + २य = १८

पहिल्या समीकरणावरून य = ५ − क्ष. ते दुसऱ्यात ठेवले की ६क्ष + १० − २क्ष = १८, म्हणजे ४क्ष = ८ आणि क्ष = २. गहू दोन एकर, हरभरा तीन एकर. ताळा पाहू: गव्हाला १२ एकर-पाळ्या, हरभऱ्याला ६, एकूण १८. जुळले.

एक गोष्ट नीट पाहा. पहिल्या समीकरणात दोन्ही बाजूंना एकर आहेत, दुसऱ्यात दोन्ही बाजूंना एकर-पाळ्या. एकाच समीकरणात एकीकडे एकर आणि दुसरीकडे पाळ्या आल्या, तर ते समीकरण चुकलेलेच असणार. मांडणी बरोबर आहे की नाही हे सोडवण्याआधीच ओळखायची याहून चांगली खूण मला तरी माहीत नाही.

अर्थात कागदावर १८ पाळ्या जुळल्या म्हणजे शेतात जुळतीलच असे नाही. एकाच आठवड्यात दोन्ही पिकांना पाणी हवे असेल आणि वीज रात्रीचीच असेल, तर हे समीकरण त्यावर काही बोलत नाही. शिवाय विहिरीचे सगळे पाणी संपवलेच पाहिजे असाही नियम नाही. दोन एकर ही गव्हाची वरची मर्यादा समजा. थोडे कमी घेतले तर पाणी हाताशी राहील.

आता खत: दोन गोण्या, दोन अन्नद्रव्ये

सोयाबीनसाठी हेक्टरी ५०:७५:४५ किलो नत्र, स्फुरद आणि पालाश ही मात्रा उदाहरणासाठी धरू. तुमच्या भागातील विद्यापीठाची शिफारस वेगळी असेल किंवा माती परीक्षणाचा अहवाल हातात असेल, तर तेच आकडे घ्या. पद्धत बदलत नाही. शिफारस हेक्टरची असते आणि आपण बोलतो एकरात. म्हणून अडीचने भागले की एकरी २० किलो नत्र, ३० किलो स्फुरद आणि १८ किलो पालाश. (हे भागायचे राहून गेल्याने एकरात हेक्टरचे खत पडल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतील.)

आता गोणीत काय आहे ते पाहू. १२:३२:१६ याचा अर्थ १०० किलो खतात १२ किलो नत्र, ३२ किलो स्फुरद, १६ किलो पालाश. गोणी ५० किलोची असते, म्हणून सगळे आकडे निम्मे करा:

१२:३२:१६ च्या एका गोणीत नत्र ६, स्फुरद १६, पालाश ८ किलो
१०:२६:२६ च्या एका गोणीत नत्र ५, स्फुरद १३, पालाश १३ किलो

शेतकरी गोण्यांतच विचार करतो, तेव्हा चलही गोण्यांतच धरू. टक्के आणि दशांश चिन्हे टळतात, आकडे पूर्णांकात राहतात.

१२:३२:१६ च्या गोण्या = क्ष
१०:२६:२६ च्या गोण्या = य

इथे अनेकजण अडखळतात: अन्नद्रव्ये तीन आणि चले दोनच, मग कसे? उत्तर युरियात आहे. युरियात फक्त नत्र असते, स्फुरद आणि पालाश नसतोच. म्हणून स्फुरद आणि पालाश ही दोन अन्नद्रव्ये या दोन खतांतून आधी जुळवून घ्यायची आणि नत्रात जी तूट राहील ती शेवटी युरियाने भरायची. नत्राला सुरुवातीला हात लावला की गुंता होतो.

स्फुरदाचे वाक्य: क्ष गोण्यांतून १६क्ष किलो, य गोण्यांतून १३य किलो, मिळून ३० किलो.

१६क्ष + १३य = ३०

पालाशचे वाक्य:

८क्ष + १३य = १८

दोन्हींत १३य आहे. वरच्यातून खालचे वजा केले की य निघून जातो: ८क्ष = १२, म्हणून क्ष = १.५. दीड गोणी १२:३२:१६. ही दीड गोणी १२ किलो पालाश देते, उरला ६ किलो. १३य = ६, म्हणून य = ०.४६, म्हणजे साधारण २३ किलो १०:२६:२६.

नत्राचा हिशोब: दीड गोणीतून ९ किलो, २३ किलोतून २.३ किलो, एकूण ११.३. लागते २०. तूट ८.७ किलो. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून ८.७ भागिले ०.४६ = जवळपास १९ किलो युरिया.

दुकानदार अर्धी गोणी फोडून देत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून दोन एकराचा हिशोब करा. १२:३२:१६ च्या तीन गोण्या आणि १०:२६:२६ ची ४६ किलो. ४६ ऐवजी पूर्ण एक गोणी घेतली तर स्फुरद ४८ + १३ = ६१ किलो होतो (हवा ६०) आणि पालाश २४ + १३ = ३७ किलो (हवा ३६). एका किलोने काही बिघडत नाही. नत्र १८ + ५ = २३ मिळाले, हवे ४०, तूट १७ किलो. त्यासाठी ३७ किलो युरिया. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते, ५० ची नव्हे; म्हणजे एका गोणीत काम भागून आठ किलो उरतो. जुन्या सवयीने युरियाची गोणी ५० किलोची धरणारे अजून बरेच आहेत.

खरे सांगायचे तर एकरी दोन गोण्या १२:३२:१६ टाकल्या तरी स्फुरद ३२ आणि पालाश १६ किलो मिळतो, म्हणजे गरजेच्या जवळपासच. मग एवढा खटाटोप कशाला? कारण "जवळपास आहे" हे कळण्यासाठी सुद्धा एकदा हिशोब मांडावा लागतो. दहा एकरवाल्याला तर वीस गोण्या आणि पंधरा अधिक पाच गोण्या यांच्या किमतीत फरक पडू शकतो. त्या दिवशीचा दर लावून पाहा. सोयाबीनला गंधकही लागते आणि या हिशोबात ते धरलेले नाही, हेही लक्षात असू द्या.

उत्तर वजा आले तर

आता समजा माती परीक्षणानुसार तुमच्या पिकाला एकरी २० किलो स्फुरद आणि २८ किलो पालाश द्यायचा आहे. तीच दोन खते, तीच मांडणी:

१६क्ष + १३य = २०
८क्ष + १३य = २८

वजाबाकी केली की ८क्ष = −८ आणि क्ष = −१. म्हणजे १२:३२:१६ ची वजा एक गोणी! प्रशिक्षणात असे उत्तर आले की शेतकऱ्यांना वाटते आपले गणित चुकले. गणित चुकलेले नाही. ते सांगत आहे की या दोन खतांचे कोणतेही मिश्रण ही गरज भागवू शकत नाही. जमिनीत टाकलेली एक गोणी परत काढता आली असती, तरच जमले असते.

का, ते पाहू. १०:२६:२६ मध्ये पालाश स्फुरदाइतकाच असतो, १२:३२:१६ मध्ये स्फुरदाच्या निम्मा. दोन्ही कशाही प्रमाणात मिसळा, पालाश स्फुरदाच्या निम्म्यापेक्षा कमी होणार नाही आणि स्फुरदापेक्षा जास्त होणार नाही. आपली गरज या दोन टोकांच्या मध्ये असेल तर उत्तर धन येते. सोयाबीनमध्ये ३० ला १८, म्हणजे मध्ये. गरज नेमकी टोकावर असेल, जसे २० स्फुरद आणि २० पालाश, तर क्ष शून्य येतो आणि फक्त १०:२६:२६ पुरते. टोकाच्या बाहेर असेल तर तिसरे खत शोधायचे. वरच्या उदाहरणात १०:२६:२६ च्या साधारण दीड गोणीने (नेमके ७७ किलो) २० किलो स्फुरद आणि २० किलो पालाश द्या. उरलेल्या ८ किलो पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश घ्या. त्यात ६० टक्के पालाश असतो, म्हणजे १३ किलो पुरे.

पाण्याच्या उदाहरणातही हेच होते. विहीर फक्त ८ एकर-पाळ्या देणार असेल तर ४क्ष = −२ येते. अर्थ सरळ आहे: पाचही एकर हरभरा केला तरी १० पाळ्या लागतात, पाणी पुरत नाही. काही रान पडीक किंवा कोरडवाहू ठेवावे लागेल.

दोन पावत्या आणि गोणीचा खरा दर

काही ठिकाणी खताची नीट पावती मिळत नाही, चिठ्ठीवर फक्त एकूण रक्कम लिहून देतात. तुम्ही युरियाच्या ३ आणि डीएपीच्या २ गोण्या आणल्या, ३,६५० रुपये दिले. शेजाऱ्याने त्याच दुकानातून त्याच दिवशी युरियाच्या ५ आणि डीएपीच्या २ गोण्या आणल्या, ४,२५० रुपये दिले. दर किती लावला? युरियाच्या गोणीचा दर क्ष रुपये आणि डीएपीचा य रुपये धरा.

३क्ष + २य = ३,६५०
५क्ष + २य = ४,२५०

खालच्यातून वरचे वजा करा: २क्ष = ६००, क्ष = ३०० रुपये. मग २य = २,७५०, य = १,३७५ रुपये. आता गोणीवर छापलेली किंमत पाहा. ४५ किलो युरियाची कमाल किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. म्हणजे प्रत्येक गोणीमागे ३३ रुपये ५० पैसे जास्त गेले. डीएपीचा आकडाही तसाच गोणीवरच्या किमतीशी ताडून पाहा.

समजा शेजाऱ्याने ६ युरिया आणि ४ डीएपी आणले असते आणि ७,३०० रुपये दिले असते. मग दोन समीकरणे लिहिता येतात, पण दुसरे हे पहिल्याची नुसती दुप्पट आहे. नवीन माहिती काहीच नाही, दर निघणार नाही. बोलण्यात दोन वाक्ये असली तरी गणितात ते एकच वाक्य. आणि शेजाऱ्याने त्याच मालाला ७,२०० दिले असतील तर? तुमची दुप्पट ७,३०० होते, म्हणून दोन्ही समीकरणे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ एकच: दोघांना एकच दर लावलेला नाही, किंवा रकमेत आणखी काहीतरी मिसळले आहे. हमाली असेल, किंवा खतासोबत गळ्यात मारलेली एखादी बाटली, ज्याला आपण लिंकिंग म्हणतो. दोन चलांच्या हिशोबात तिसरी वस्तू लपली की उत्तर चुकते, म्हणून आधी विचारून घ्या. अनुदानित खत विकताना पॉस मशीनमधून निघणारी पावती मागून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर चिठ्ठीपेक्षा ती उपयोगी पडते.

"दुप्पट" या शब्दापासून सावध

वाक्याचे समीकरण करताना सर्वांत जास्त चूक ज्या शब्दात होते तो हा. सोयाबीन आणि तुरीचे ४:२ आंतरपीक आपल्याकडे नेहमीचे. "सोयाबीनच्या ओळी तुरीच्या दुप्पट आहेत, एकूण ओळी ९०." सोयाबीनच्या ओळी क्ष आणि तुरीच्या य. बहुतेकजण घाईत लिहितात: २क्ष = य. वाक्यात सोयाबीन आधी आले, त्याच्याजवळ "दुप्पट" आले, म्हणून दोन त्याला चिकटवला. हे सोडवले तर सोयाबीन ३० ओळी आणि तूर ६० येते, म्हणजे शेत उलटे पेरले जाईल.

जी संख्या लहान आहे तिला दोनने गुणायचे, तेव्हा कुठे ती मोठीच्या बरोबरीला येते. तुरीच्या ओळी कमी आहेत, म्हणून क्ष = २य. मग ३य = ९०, तूर ३० ओळी, सोयाबीन ६०. शंका आली तर छोटे आकडे घालून पाहा: ४ ओळी सोयाबीन, २ ओळी तूर. ४ = २ × २ बरोबर आहे; २ × ४ = २ बरोबर नाही. एवढी एक पडताळणी पेरणीआधी करायची आहे, नंतर नव्हे.

कृषी सहायक आणि कृषी मित्रांसाठी एक सूचना. बैठकीत फळ्यावर थेट समीकरण लिहू नका. शेतकऱ्याला आधी त्याचे वाक्य त्याच्या शब्दांत पूर्ण बोलू द्या, मग विचारा, "यात काय माहीत नाही?" आणि "कशाचे एकूण सांगितले?" हे दोन प्रश्न सुटले की समीकरण तोच सांगतो. सोडवायचे काम घरातल्या दहावीच्या मुलीला द्या. आकडे आपल्याच शेतातले असले की तिलाही ते प्रकरण परीक्षेपुरते राहत नाही.

सरावासाठी एक उदाहरण देतो. दुभत्या जनावरांसाठी मका भरडा आणि शेंगदाणा पेंड मिसळून १०० किलो खुराक करायचा आहे. समजा मक्यात ९ टक्के आणि पेंडीत ४० टक्के प्रथिने आहेत आणि मिश्रणात १८ टक्के हवी आहेत. पहिले वाक्य किलोचे, दुसरे प्रथिनांचे. स्वतः मांडून पाहा. उत्तर: पेंड साधारण २९ किलो, मका ७१ किलो.